साडेपाच तास गेले कुठे?

वाचकांचे प्रश्न : घड्याळ आणि झोप

मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की आमच्या कुडाळच्या दुकानात इन्व्हर्टरवाल्यांच्या मागोमाग ‘घड्याळ बिघडलं’वाल्यांची रांग लागते. यंदा पत्रांचंही तेच. त्यात एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिमी ठेवणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत, म्हणून हा अंक त्यांचा. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत करा आणि जिथे ‘स्पेस’ म्हटलंय तिथे खरंच जागा सोडा. निम्म्या तक्रारी त्या सुटलेल्या जागेच्या असतात.

प्रश्न : नमस्कार ताई. तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर पाहुण्यांची नोंद आणि बिलं विंडोजमध्ये होतात. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सुट्टीत त्याच लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकलं. तेव्हापासून विंडोजचं घड्याळ मागे पडतं. मी हाताने बरोबर करतो, दोन दिवस नीट चालतं, पुन्हा मागे. परवा पहाटे दोनला उतरलेल्या पाहुण्यांच्या बिलावर आदल्या रात्रीचे साडेआठ छापले गेले. एका रात्रीचं भाडं जास्त लावलं म्हणून सकाळी नाश्त्याच्या टेबलावर वाद. आतला घड्याळाचा सेल बदलून घेतला, तरी तेच. मुलगा म्हणतो, उबुंटूचा दोष नाही. — होमस्टे चालक, तारकर्ली

उत्तर : पहाटेचे दोन आणि रात्रीचे साडेआठ. वजाबाकी करा. साडेपाच तास, मिनिटाचाही फरक नाही. हे दोन आकडे तुम्ही पत्रात लिहिलेत तिथेच निदान झालं. घड्याळाची तक्रार घेऊन कुणी दुकानात आलं की मी पहिलं विचारते, ‘किती चुकतं?’ कंपनी कुठली, वॉरंटी आहे का, हे सगळं नंतर. घड्याळ चुकतं किती यावरूनच ते का चुकतं ते बहुतेक वेळा कळतं.

बरोबर अर्धा तास मागे असेल तर टाइम झोन चुकीचा निवडलाय. यादीत मुंबई शोधताना घाईत कराचीवर क्लिक झालेलं मी पाहिलंय, तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. ढाका निवडलं तर अर्धा तास पुढे. लिनक्सच्या यादीत मुंबई नसतेच, ‘एशिया/कोलकाता’ निवडायचं असतं, आणि ते निवडताना आपल्याकडची माणसं थोडी बिचकतात. घड्याळ रोज सेकंद-दोन सेकंद सरकत असेल तर तो क्वार्ट्झ स्फटिकाचा स्वभाव आहे. मदरबोर्डवरचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यात दशलक्षात वीसचा फरक पडला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळपास मिनिट. इंटरनेट असलं की तो आपोआप भरून निघतो. तारीखच काही वर्षं मागे गेली तर सेल. त्याचं पत्र पुढे आहे.

आणि बरोबर साडेपाच तास असतील तर दोन सिस्टिमींचा आपसात मेळ नाही. तुमचे सेलचे पैसे उगाच गेले.

झालंय असं. मदरबोर्डवर घड्याळाची एक छोटी चिप असते, मशीन बंद असतानाही ती चालू राहते. या चिपमध्ये फक्त आकडे असतात : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. हे आकडे भारताचे की ग्रिनिचचे, याची नोंद तिच्यात नसते. १९८४ साली आयबीएमच्या एटी संगणकात अशी सेलवर चालणारी चिप आली तेव्हापासून डॉस तिच्यात स्थानिक वेळ ठेवत आलं आणि विंडोजने तीच सवय उचलली. युनिक्सच्या घराण्याची रीत वेगळी. चिपमध्ये जागतिक, म्हणजे ग्रिनिचची, प्रमाणवेळ ठेवायची आणि पडद्यावर दाखवताना आपल्या देशाचा फरक मिळवायचा. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे फरक साडेपाच तास.

आता तुमच्या घरातला प्रसंग बघा. रात्री सव्वादहाला तुम्ही विंडोजचं घड्याळ हाताने लावता. विंडोज चिपमध्ये २२:१५ लिहितं. मुलगा उबुंटू उघडतो. उबुंटूला वाटतं, ग्रिनिचला सव्वादहा वाजलेत. त्यात साडेपाच मिळवून ते पडद्यावर पहाटेचे पावणेचार दाखवतं. वायफाय लागेपर्यंतच हे टिकतं, म्हणून मुलाच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवरून खरी वेळ आली की उबुंटू स्वतःला सुधारतं आणि त्याचा कर्नल, म्हणजे गाभा, दर ११ मिनिटांनी चिपमध्येही जागतिक वेळ लिहितो : १६:४५. सकाळी तुम्ही विंडोज उघडलंत की ते चिपमधला आकडा जसाच्या तसा वाचतं. घड्याळ साडेपाच तास मागे. विंडोजही इंटरनेटवरून वेळ घेतं, पण घरगुती मशीनवर साधारण आठवड्यातून एकदा. तेवढ्यात मुलगा पुन्हा उबुंटू उघडतो. ‘दोन दिवस नीट, मग पुन्हा मागे’ ते यामुळे. दोष उबुंटूचा नाही हे मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि विंडोजचाही नाही.

दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या पद्धतीने वागायला लावायचं, एवढाच उपाय. कुणाला, यावर मुलांच्या ग्रुपमध्ये भांडणं होतात. माझा हिशेब साधा आहे : रोज कुठली सिस्टिम चालते? तुमच्याकडे विंडोज रोज चालतं, म्हणून उबुंटूला सांगा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘टाइमडेटसीटीएल’ स्पेस ‘सेट-लोकल-आरटीसी’ स्पेस ‘१’ असं द्या. ‘सेट-लोकल-आरटीसी’ हे आडव्या रेघांसह सलग. मग नुसतं ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन बघा. ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ (आरटीसी म्हणजे ती घड्याळाची चिप, टीझेड म्हणजे टाइम झोन) या ओळीसमोर आधी ‘नो’ होतं तिथे आता ‘येस’ दिसेल. खाली एक लांबलचक इशाराही येईल की ही पद्धत पूर्णपणे पेलता येत नाही, घड्याळ उन्हाळ्यात पुढे सरकवण्याच्या वेळी घोटाळे होतील वगैरे. आपल्या देशात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. युद्धकाळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, एक तास पुढे केलं होतं. तो भाग सोडून द्या. त्याच इशाऱ्यातलं दुसरं वाक्य मात्र महत्त्वाचं आहे : या पद्धतीत लिनक्स चिपमध्ये वेळ लिहीत नाही, ते काम बाहेरच्या कुणावर तरी सोपवतं. तुमच्याकडे तो ‘बाहेरचा’ म्हणजे विंडोज, आणि ते रोज उघडतंय, म्हणून चालेल.

ज्यांच्याकडे उलट आहे, म्हणजे रोज लिनक्स आणि टॅक्सच्या दिवसांपुरतं विंडोज, त्यांनी विंडोज बदलावं. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन इथवर जा. तिथे ‘रियल टाइम इज युनिव्हर्सल’ या नावाची, मधे जागा न सोडता, डीवर्ड प्रकारची नवी नोंद करा आणि किंमत १ ठेवा. मशीन रीस्टार्ट करा. विंडोज नव्याने टाकलं तर ही नोंद पुसली जाते, हे कुठेतरी लिहून ठेवा.

दोन्ही एकदम मात्र करू नका. वडिलांनी विंडोज बदललं, मुलाने उबुंटू, आणि साडेपाच तासांची चूक विंडोजमधून उठून उबुंटूत जाऊन बसली, असं एक गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन गेलंय. दोघेही मला हेच सांगत होते की त्यांनी इंटरनेटवर सांगितलं तसंच केलं.

जाता जाता : एका गावात दोन वेळा ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली वेगळी ‘मुंबई टाइम’ १९५५पर्यंत धरून ठेवली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तुमचं होमस्टे त्या काळात असतं तर चेकआउटचे वाद आणखी रंगले असते.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पॅकिंग शेडमध्ये जुना डेस्कटॉप आहे, विंडोज आणि लिनक्स मिंट. अलीकडे सकाळी विंडोज सुरू केलं की तारीख १ जानेवारी २०१६ असते. कुठलीच वेबसाइट उघडत नाही, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. मिंटमध्ये मात्र तारीख आदल्या दिवसाची दिसते आणि थोड्या वेळाने बरोबर होते. म्हणजे विंडोजच खराब आहे ना? फॉरमॅट मारू का? ऐन हंगामात मशीन बंद ठेवणं परवडत नाही. — आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : फॉरमॅट मारू नका. विंडोज जे दिसतंय ते खरं सांगतंय, मिंट तुमची समजूत काढतंय.

तुमचा सेल संपलाय. वीज पूर्ण तुटली की चिप सगळं विसरते आणि मदरबोर्ड बनवताना ठरवलेली तारीख लागते. विंडोज ती मुकाट्याने मानतं. मिंटमधली वेळ जुळवणारी सेवा मात्र शेवटची खात्रीची वेळ डिस्कवर एका फाइलच्या तारखेत ठेवते, आणि सुरू होताना चिप त्याहून मागची वेळ सांगत असेल तर चिपचं ऐकत नाही. म्हणून तिथे ‘काल’ दिसतो. वेबसाइटचं म्हणाल तर प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीनला २०१६ वाटत असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, मग ब्राउझर दार उघडत नाही.

विंडोज नेटवरून वेळ का घेत नाही, असं विचाराल. मुळातल्या सेटिंगप्रमाणे त्याची वेळसेवा १५ तासांपेक्षा मोठा फरक दिसला की आपणहून हात लावत नाही. आधी तारीख हाताने जवळपास आणा, मग ‘सिंक नाऊ’ दाबा.

कोकणात हे सेल लवकर का संपतात याचं कारण कुणी लक्षात घेत नाही. डेस्कटॉपची पिन सॉकेटमध्ये आणि स्विच चालू असेल तर मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायमधून चिपला थोडी वीज मिळत राहते, सेलला काम नसतं. आपण काय करतो? वीज चमकायला लागली की घरातल्या सगळ्या पिना काढतो, आणि तेच योग्य आहे. वर दिवसाआड खंडित पुरवठा, पावसाळ्यात तर शेड महिनोन् महिने बंद. तेवढा सगळा काळ चिप एकट्या सेलवर चालते. त्यात तुमची शेड खाडीच्या वाऱ्यावर.

सेल ‘सीआर २०३२’ नावाचा मिळतो, घड्याळजीकडेही. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. मल्टिमीटर असेल तर मोजा, पावणेतीनच्या खाली असेल तर ठेवू नका. बदलण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगांत, जाऊन दोन पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढा : एक बूटचा क्रम (आधी कुठून सुरू व्हायचं), दुसरा साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत). सेल काढल्यावर काही बोर्ड ही सेटिंगं मूळपदावर नेतात आणि साटा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. मग माणूस घाबरून फॉरमॅट मारतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, तीही विचारली जाऊ शकते.

मग पिन काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेला एक छोटी धातूची जीभ असते, ती नखाने बाहेर दाबली की सेल आपोआप वर उडतो. उडू द्या, पण खाली हात धरा, बोर्डाखाली गेला तर अर्धा तास शोधाल. आता खाचेत नीट बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती खाऱ्या हवेची. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. ती पूड ठेवून नवा सेल घातला तर तक्रार पुढच्या हंगामात पुन्हा येते, आणि दोष नव्या सेलवर जातो. नवा सेल अक्षरांची बाजू वर करून घाला.

तारीख बरोबर झाल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकायला लागलं तर वरचं पत्र वाचा. ते दुखणं तुमच्याकडेही असणार, एवढे दिवस मोठ्या दुखण्याखाली झाकलेलं.

प्रश्न : कार्डावरून कॉपी केलेल्या काही फाइलींची तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी दिसते. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. — फोटोग्राफर, वेंगुर्ला

उत्तर : लिनक्स काळ मोजतं ते १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत. फाइलीची तारीख हरवली की तिथे शून्य उरतं, आणि ग्रिनिचच्या मध्यरात्री आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. फोटो शाबूत आहे. खरी तारीख फोटोच्या आतल्या माहितीत कॅमेऱ्याने लिहिलेली असते, तिथून घ्या.

प्रश्न : ताई, मी सावंतवाडीला बीएस्सी करतोय. विंडोज आणि उबुंटू दोन्हींत लागणाऱ्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवतो. कधीकधी उबुंटूमध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, काही सेव्ह होत नाही. गंमत म्हणजे विंडोज शटडाउन करून उबुंटूत आलो की असं होतं, रीस्टार्ट करून आलो की होत नाही. मित्राने ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायची, म्हणजे जोडून घ्यायची, आज्ञा दिलीय. वापरू? — विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : वापरू नकोस. निरीक्षण मात्र फार चांगलं आहेस करत. शटडाउन आणि रीस्टार्टमधला हा फरक दहा जणांतल्या एकाच्याही ध्यानात येत नाही.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजचं ‘शटडाउन’ हे खरं शटडाउन राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते तुझे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा डिस्कवर एका फाइलीत जसाच्या तसा उतरवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच मिटवून नव्याने सुरू होतं. नावावरून उलट वाटेल, पण तसं आहे.

धोका असा : उतरवून ठेवलेल्या त्या गाभ्यात डी ड्राइव्हची अवस्थाही लक्षात ठेवलेली असते. बुद्धिबळाचा डाव अर्धवट सोडून एकजण जेवायला गेला, कुठलं मोहरं कुठे हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. मधल्या वेळात दुसऱ्याने येऊन दोन प्यादी हलवली. पहिला परत आला की पटाकडे न बघता, डोक्यातल्या डावाप्रमाणे चाल करणार. डिस्कवर असं झालं की फाइली जातात, कधी अख्खं फोल्डर. उबुंटूला ही खूण ओळखता येते म्हणून ते ड्राइव्ह ‘फक्त वाचा’ असा देतं. मित्राची आज्ञा ती खूण, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली अवस्थाच पुसून टाकते. विंडोज हायबरनेटमध्ये, म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून बंद झालेलं, असेल तर उघडं ठेवलेलं, सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा. वर निळ्या अक्षरांत ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ आहे, त्यावर क्लिक केल्याशिवाय खालची खूण काढताच येत नाही. बहुतेकजण इथेच अडकतात. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढ आणि सेव्ह कर. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ती परत आली नाही ना, ते बघत जा. दुसऱ्याच्या मशीनवर असशील आणि सेटिंग बदलायचं नसेल तर शिफ्ट दाबून ‘शटडाउन’वर क्लिक कर, तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. उबुंटूत वायफाय अधूनमधून गायब होत असेल तर तेही यानेच सुधारण्याची शक्यता आहे, कारण अर्धवट झोपलेलं विंडोज काही वायफाय कार्डं मोकळी करत नाही.

एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक जाणवणार नाही. माझ्या मते दोन सिस्टिमींच्या मशीनवर हे फास्ट स्टार्टअप पहिल्या दिवशीच बंद करायला हवं.

प्रश्न : ताई, माझो लॅपटॉप नवो आसा. विंडोज नि फेडोरा लिनक्स दोनय आसत. संध्याकाळी झाकण बंद करून बॅगेत घालतंय नि तुतारी एक्स्प्रेसात बसतंय. सकाळी दादराक उतरान बघतंय तर हात लावूक देना नाय इतको गरम, नि बॅटरी संपलली. जुन्या लॅपटॉपचा असा कधी झाला नाय. झाकण बंद केल्यार झोपूक नको? — नोकरदार, कुडाळ-मुंबई

उत्तर : झोपूक होया खरा, पण तो झोपता खंय!

तुमचा जुना लॅपटॉप ‘एस३’ प्रकारची झोप घ्यायचा. त्यात फक्त रॅमला वीज मिळते, बाकी सगळं बंद. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत तिच्या जागी मोबाइलसारखी झोप आलीय. पडदा बंद, पण प्रोसेसर डुलक्या काढतो, नेटवर्क अधूनमधून जागं होतं, मेल आला का बघतं. टेबलावर ठीक आहे. बंद बॅगेत, कपड्यांच्या मधे, रात्रभर गाडीत असताना एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर जागा राहिला की हवा खेळायला जागा नाही, आणि मशीन तापत राहतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ स्पेस ‘/ए’. ‘स्टँडबाय (एस३)’ उपलब्ध असलेल्यांच्या यादीत आहे की नसलेल्यांच्या, ते वाचा. फेडोरात ‘कॅट’ स्पेस ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’. दोन शब्द आले, ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’, आणि चौकटी कंस पहिल्याभोवती असेल तर तुमचं नशीब चांगलं. खरी झोप मशीनमध्ये आहे, फक्त निवडलेली नाही. कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ घाला, फेडोरात हे ‘ग्रबी’ या साधनाने होतं. एकटाच ‘एस२आयडल’ आला तर बायोसमध्ये शोधा. काही लॅपटॉपांत ‘स्लीप स्टेट’ असं सेटिंग असतं आणि त्यात विंडोज की लिनक्स अशी निवड असते. तीही नसेल तर कंपनीने एस३ दिलेलीच नाही, सॉफ्टवेअरने ती आणता येणार नाही.

मग गाडीत बसण्याआधी विंडोजमध्ये झाकण बंद केल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ लावा. त्यात सगळं डिस्कवर उतरतं आणि मशीन खरंच बंद होतं. फक्त दादरला उतरल्यावर मेनूतून फेडोरा निवडू नका, विंडोजच उघडा. का, ते वरच्या सावंतवाडीच्या पत्रात आहे. फेडोरात हायबरनेटच्या मागे लागू नका. २०२०च्या आवृत्ती ३३ पासून त्याचा स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) रॅममध्येच असतो, डिस्कवर वेगळा स्वॅप करावा लागतो, आणि बायोसमधलं सिक्युअर बूट हे सुरक्षेचं सेटिंग चालू असेल तर कर्नल हायबरनेट होऊच देत नाही. एवढा खटाटोप एका रात्रीच्या गाडीसाठी कशाला? फेडोरात असाल तर बंद करून बसा.

प्रश्न : हर्णै बंदरावर आमच्या सोसायटीत डिझेलच्या हिशेबाचा संगणक आहे. संध्याकाळी विंडोज ‘स्लीप’ करून कुलूप लावतो. रात्री कधीतरी तो आपोआप चालू होतो, आणि सकाळी पडद्यावर विंडोज नसतं, लिनक्सचं लॉगिन असतं. राखणदार नारळ ठेवायचं म्हणतोय. — कारकून, हर्णै

उत्तर : नारळाला माझी हरकत नाही. पण पडद्यावर लिनक्सचं लॉगिन आहे, यावरून एक गोष्ट नक्की : तो झोपेतून उठलेला नाही. झोपेतून उठला असता तर विंडोजमध्येच उठला असता. तो पूर्ण बंद पडून नव्याने सुरू झालाय. रात्री वीज गेली, रॅममधलं सगळं पुसलं गेलं. वीज आल्यावर मशीन आपणहून चालू झालं, सुरुवातीच्या मेनूत कुणी काही निवडलं नाही, दहा सेकंदांनी पहिलं नाव उघडलं, आणि ते लिनक्सचं आहे.

बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा अर्थाचं सेटिंग शोधा आणि ‘पॉवर ऑफ’ करा. आपोआप चालू होणं थांबेल.

डिझेलच्या हिशेबाचं मात्र बघा. डेस्कटॉपवर विंडोज बहुधा ‘हायब्रिड स्लीप’ वापरतं, झोपताना डिस्कवरही एक प्रत उतरवतं. म्हणजे सकाळी लिनक्स उघडलेलं असताना विंडोजचा अर्धवट डाव डिस्कवर तसाच पडून असतो. त्या लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर कुणी काही लिहू नका, आधी रीस्टार्ट करून विंडोजमध्ये जा. आणि संध्याकाळी स्लीप कशाला करता? सोसायटीत रात्री कुणी नसतं. हिशेब सेव्ह करा, पूर्ण शटडाउन करा, पिन काढा. सेल जरा लवकर संपेल, पण वीज चमकणाऱ्या दिवसांत तेच स्वस्त पडतं.

दुसऱ्या कुणाचं मशीन खरंच झोपेतून, त्याच सिस्टिममध्ये, उठत असेल तर विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ स्पेस ‘/लास्टवेक’ द्या, शेवटचं कुणी उठवलं त्याचं नाव येतं. बहुतेकदा माउस निघतो. त्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये उठवायची परवानगी नाकारा. माउसचं नाव नसेल तर ‘/वेकटायमर्स’ बघा, एखादं अपडेट रात्रीची वेळ लावून बसलेलं सापडेल.

पुढच्या अंकात प्रिंटर. पत्रात मॉडेल लिहा, सिस्टिमची आवृत्ती लिहा आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः उतरवा. ‘एरर येतो’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.